महाकाय रोबोच्या गेमसाठी एक मिनिटाचा ॲनिमे प्रोमो: कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

छोट्या गेम-टीम माझ्याकडे प्रोमो दाखवायला घेऊन येतात, तेव्हा एकच तक्रार असते. रोबो सुरेख झालाय, रंग छान आहेत, पण हलायला लागला की तो हातातल्या खेळण्यासारखा दिसतो. मग ते मॉडेलवर आणखी खिळे-पट्ट्या चढवतात आणि फरक काहीच पडत नाही. दोष बहुतेक वेळा चित्रात नसतोच, कामाच्या क्रमात असतो. आधी मॉडेल, मग हालचाल, मग कट जुळवणं आणि सगळ्यात शेवटी संगीत हा क्रम सोयीचा वाटतो आणि तोच घात करतो.

खालचे टप्पे साठ सेकंदांच्या, सेकंदाला २४ फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र) प्रोमोसाठी आहेत. म्हणजे १,४४० फ्रेम आणि साधारण वीस कट (कॅमेऱ्याची सलग दृश्यं). तीन ते सहा जणांची टीम गृहीत धरली आहे. रोबो त्रिमितीय, माणसं आणि धूर-स्फोट हाताने काढलेले. जपानमधले बरेच स्टुडिओही आज काम असंच वाटून घेतात. त्रिमितीय कामासाठी ब्लेंडर, हाताने काढलेल्या ॲनिमेशनसाठी ओपनटून्झ आणि चित्रांसाठी क्रिता ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, कट जुळवायला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते.

## टप्पा १: एक रेघही काढण्याआधी हातात काय हवं

गेम-टीमसोबत बसा आणि अर्धा तास स्वतः गेम खेळा. व्हिडिओ बघून भागत नाही, कंट्रोलर हातात घ्यायचा. खेळून झाल्यावर एका वाक्यात लिहा: खेळणाऱ्याचा अंगठा सगळ्यात जास्त काय करतो? घसरत जाऊन नेम धरतो? ढाल उचलून थांबतो? तुटलेला हात टाकून शत्रूचा हात जोडून घेतो? हे एक क्रियापद म्हणजे तुमचा प्रोमो. रोबो पडद्यावर तलवारीने लढतोय आणि गेममध्ये दोन तास नुसत्या तोफा डागायच्या आहेत, असं झालं तर विकत घेणारा माणूस चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त असतं.

मग या गोष्टी लेखी मागून घ्या:

- रोबोची उंची मीटरमध्ये, आणि मॉडेल फाइलचा आवृत्ती क्रमांक
- डाव्या-उजव्या बाजूची शस्त्रं, चिन्हं, क्रमांक दाखवणारी समोरून, मागून, बाजूने काढलेली चित्रं
- लोगो, प्रकाशनाची तारीख, वयोगटाचं चिन्ह
- संगीताचे हक्क कोणाकडे आहेत, याचा कागद

सावधान: आमच्या एका कामात कोन्ते, म्हणजे स्टोरीबोर्ड, मंजूर झाल्यावर गेम-टीमने खांद्यावरची तोफ उजवीकडून डावीकडे नेली. कळवलं कोणीच नाही. नऊ कटांचे लेआउट (कॅमेरा आणि वस्तूंच्या जागा ठरवणारी चित्रं) पुन्हा करावे लागले, कारण तोफेची नळी ज्या मोकळ्या जागेत बसवली होती तिथे आता पायलटचं झाकण येत होतं. तेव्हापासून आम्ही आवृत्ती क्रमांकावर दोन्ही बाजूंची सही घेतो. त्या तारखेनंतरचे बदल प्रोमोत येणार नाहीत, हे त्याच कागदावर लिहिलेलं असतं.

कथा निवडताना गेमच्या आधीची घटना घ्या. कोनामीच्या 'झोन ऑफ द एंडर्स' या २००१ सालच्या गेमची कथा २१७२ मध्ये घडते, आणि सनराइज या जपानी स्टुडिओने सोबत केलेल्या ॲनिमेची २१६७ मध्ये. ते ॲनिमे जवळपास तासाभराचं होतं, पण तोडगा एका मिनिटालाही लागू पडतो: गेममधलं रहस्य फुटत नाही आणि लेखकाच्या पुढच्या बदलांनी तुमचं काम वाया जात नाही.

## टप्पा २: उंचीवरून वेळेचं गणित

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

मोठी वस्तू सावकाश पडताना दिसते. १.८ मीटरवरून दगड सोडला तर तो सुमारे ०.६ सेकंदात, म्हणजे १४-१५ फ्रेममध्ये खाली येतो. १८ मीटरवरून सोडला तर १.९ सेकंद, म्हणजे ४६ फ्रेम. उंची दहापट झाली, पण वेळ दहाच्या वर्गमुळाइतकाच वाढला: सुमारे ३.२ पट. नियम एवढाच. रोबोची उंची भागिले माणसाची उंची, त्याचं वर्गमूळ काढा, आणि माणसाच्या हालचालीच्या फ्रेमना त्या आकड्याने गुणा.

माणसाचं साधं पाऊल १२ फ्रेमचं धरतात. १८ मीटरच्या रोबोचं पाऊल मग ३८ फ्रेमचं होतं, म्हणजे दीड सेकंदाहून जास्त. हे ऐकून गेम-टीमचा चेहरा पडतो, कारण त्यांचा रोबो तर विजेसारखा धावतो. इथे एक भेद पक्का करा. इंजिनाच्या जोरावर होणारी हालचाल हवी तेवढी वेगवान ठेवता येते. गुरुत्वाकर्षणाने होणारी नाही. पाठीवरच्या झोतांनी रोबो सहा फ्रेममध्ये पडद्याबाहेर जाऊ दे. पण थांबल्यावर त्याने उडवलेली माती, फुटलेल्या भिंतीचे तुकडे, अंगावरून ओघळणारं पाणी हे सगळं ४६ फ्रेमच्या हिशेबाने पडायला हवं. डोळा रोबोच्या वेगाला माफ करतो, मातीच्या वेगाला करत नाही.

वेगवान हालचालीचाही हिशेब एकदा मांडून बघा. हात आणि तलवार मिळून १५ मीटर, वार १२० अंशांचा, वेळ सहा फ्रेम. टोकाने पाव सेकंदात ३१ मीटर अंतर कापलं, म्हणजे ताशी सुमारे ४५० किलोमीटर. एवढ्या वेगाने काही शेजारून गेलं तर झाडं झुकतील, धूळ ओढली जाईल, काचा हादरतील. वार काढायला हरकत नाही, पण हवेचा प्रतिसादही काढायला लागेल. तो काढायला वेळ नसेल तर वार दहा फ्रेमचा करा.

संदर्भ म्हणून जपानमधल्या योकोहामाच्या बंदरावरचा हलणारा गंडम, म्हणजे ॲनिमेतल्या रोबोची पूर्ण आकाराची प्रतिकृती, बघा. डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ या काळात तो तिथे उभा होता. उंची १८ मीटर. लोकांनी काढलेले पुष्कळ व्हिडिओ आहेत. हात वर नेताना आणि बोटं मिटताना तो किती वेळ घेतो ते घड्याळ लावून मोजा. कमरेशी तो आधाराला जोडलेला होता, त्यामुळे चालण्याचा संदर्भ त्यातून घेऊ नका.

तपासणी: पाऊल, वळणं, उतरणं, वार, पडणारा तुकडा या पाच गोष्टींचे फ्रेम एका कागदावर लिहून भिंतीला लावले का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: आधी ठोका, मग कोन्ते

जपानी स्टुडिओत स्टोरीबोर्डला ए-कोन्ते म्हणतात: चित्र, क्रिया, संवाद आणि सेकंद अशी उभी पट्टी. आपल्याकडे पोरं सुंदर चित्रं काढतात आणि सेकंदांचा रकाना रिकामा ठेवतात. खरं तर तो रकाना चित्राआधी भरायचा असतो.

त्यासाठी संगीताचा वेग आत्ता ठरवा. संपूर्ण संगीत लागत नाही, नुसता ठोका चालतो. वेग असा निवडा की प्रत्येक ठोका पूर्ण फ्रेमवर पडेल: मिनिटाला १२० ठोके असतील तर दर १२ फ्रेमला एक, ९६ ला दर १५, ९० ला दर १६, १४४ ला दर १० फ्रेम. मिनिटाला १३० घेतलात की ठोका अकरा फ्रेमच्या थोडा पुढे पडतो आणि प्रत्येक कट किंचित चुकल्यासारखा वाटतो. संगीतकाराला हा आकडा पहिल्याच दिवशी द्या.

आता वीस कट या ठोक्यांवर बसवा. सगळे तीन-तीन सेकंदांचे करू नका. माझा अनुभव असा की पहिला मोठा पाऊल-कट पाच सेकंद थांबला, तर पुढचे सेकंदा-दीड सेकंदाचे कट जास्त जोरकस वाटतात. वजन कळायला प्रेक्षकाला वेळ लागतो. तो एकदाच द्या, पण पुरेसा द्या.

कॉकपिटचा कट कुठे बसतो ते बघा. पायलटचा हात हलतो आणि रोबो हलतो यांत अंतर ठेवा. हात सहा फ्रेममध्ये दांडा ओढतो, आठ फ्रेम काहीच होत नाही, मग बाहेर सांधा फिरायला लागतो. खेळणाऱ्याच्या बोटांना हे नातं लगेच समजतं. संवाद एकच ठेवा, तोही छोटा.

कोन्तेची चित्रं स्कॅन करून ठोक्यावर लावली की ॲनिमॅटिक तयार. ते प्रकल्पाबाहेरच्या दोघांना दाखवा आणि फक्त विचारा, "या गेममध्ये काय करायचं असतं?" उत्तरात टप्पा १ मधलं क्रियापद आलं नाही, तर कोन्ते बदला. या घडीला बदल करायला एक दुपार लागते, पुढे महिना लागेल.

सावधान: फ्रेमदर २४ की २३.९७६ हे आत्ताच ठरवा आणि प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तोच ठेवा. मिनिटाभरात दोन्हींत जवळपास दीड फ्रेमचा फरक पडतो. शेवटच्या ठोक्यावरचा लोगो उशिरा येतो आणि कारण शोधता सापडत नाही.

## टप्पा ४: लेआउट, म्हणजे कॅमेरा कुठे उभा आहे

कॅमेरा हवेत कुठेतरी, रोबोच्या छातीच्या उंचीवर ठेवला की १८ मीटरचा रोबो १८ सेंटिमीटरचा होतो. कॅमेरा धरणारा माणूस कुठे उभा असेल ते ठरवा. तो रस्त्यावर असेल तर भिंग जमिनीपासून दीड-पावणेदोन मीटरवर. गच्चीवर असेल तर कठडा फ्रेममध्ये दिसू द्या.

प्रत्येक मोठ्या कटात माणसाच्या मापाची एक ओळखीची वस्तू हवी: विजेचा खांब, बस, जिना, उडणारे पक्षी. रोबोच्या अंगावरही हवी. पोटरीवरची शिडी, झाकणाजवळचा कठडा अशा दोन वस्तू पन्नास खिळ्यांचं काम करतात. १८ मीटर म्हणजे साधारण सहा मजली इमारत. तुमच्या गल्लीतली सहा मजली इमारत शोधून तिच्या पायथ्याशी उभे राहा आणि वर बघून फोटो काढा. वरचे मजले किती आक्रसतात ते त्या फोटोतून थेट लेआउटमध्ये घ्या.

दूर असलेला भाग फिका, हवेत विरलेला दाखवा. रोबो जवळ असेल तर त्याचं डोकंसुद्धा पायांपेक्षा थोडं फिकं हवं. खेळण्याचं डोकं कधी हवेत विरत नाही.

याच टप्प्यावर उभ्या मोबाइल-आवृत्तीचा विचार करा. आडव्या १६:९ चौकटीतून उभी ९:१६ कापली, तर रुंदीचा जेमतेम ३२ टक्के भाग उरतो. वीसपैकी महत्त्वाचे पाच-सहा कट उभ्या चौकटीसाठी वेगळे लेआउट करा. उभा रोबो उभ्या पडद्यात फार छान बसतो, ही संधी वाया घालवू नका.

## टप्पा ५: हालचाल

त्रिमितीय रोबो प्रत्येक फ्रेमला हलवला तर तो तेलकट, घसरता दिसतो आणि शेजारच्या हाताने काढलेल्या पायलटशी जुळत नाही. म्हणून एक पोझ दोन फ्रेम धरायची, कधी तीन. पण इथे नेमका एक खड्डा आहे. रोबो दोन-दोन फ्रेमने चालतोय आणि कॅमेरा त्याच्यासोबत प्रत्येक फ्रेमला सरकतोय, असं झालं की रोबो जागच्या जागी थरथरतो. अशा कटात रोबोही प्रत्येक फ्रेमला हलवा, किंवा कॅमेरा थांबवा.

एक पाऊल जवळून बघू. कॅमेरा शंभर मीटरवर, जमिनीलगत. टाच टेकली तो फ्रेम शून्य.

- ० ते २: पाय टेकला, पण वरचं शरीर अजून खालीच येतंय. धूळ नाही.
- २ ते ३: तळव्याच्या कडेने धुळीची पातळ रेघ बाहेर सुटते. कॅमेरा किंचित हलतो, कारण जमिनीतला हादरा हवेतल्या आवाजाआधी पोचतो.
- ४ ते १०: गुडघा दबतो, मग कंबर, सगळ्यात शेवटी खांदा बसतो. सगळं एकाच फ्रेमला थांबलं की प्लास्टिक झालं म्हणून समजा.
- ७: आवाज. आवाज हवेतून एका फ्रेममध्ये साधारण १४ मीटर जातो, म्हणून शंभर मीटरला सात फ्रेम.
- १० ते ३०: ॲन्टेना, लोंबती केबल, सुटे पत्रे थरथरून शांत होतात. धूळ फुगत राहते.

प्रोमोतलं पहिलं पाऊल एवढं नीट करा. पुढच्या पावलांना निम्मी मेहनत पुरते, कारण वजन प्रेक्षकाच्या मनात बसलेलं असतं.

रेघेकडेही लक्ष द्या. ब्लेंडरमधून काढलेली बाह्यरेषा सगळीकडे सारख्या जाडीची येते. रोबो दूर गेला की रेघ बारीक व्हायला हवी, आणि आतल्या पत्र्यांच्या रेघा बाहेरच्या रेघेहून बारीक. दूरच्या रोबोवर जाड रेघ राहिली तर टप्पा २ चं सगळं गणित फुकट जातं.

धूर आणि स्फोट हाताने काढताना गोळे लहान आणि पुष्कळ ठेवा. मोठे मोजके गोळे म्हणजे फटाक्याचा धूर. आधी झोत, मग तुकडे, मग धूर. तुकडे धुरातून बाहेर येताना दिसले पाहिजेत.

तपासणी: रंग न भरता, नुसत्या करड्या आकृत्यांवर पूर्ण मिनिट बघा. वजन इथे जाणवलं नाही तर रंगाने येणार नाही.

## टप्पा ६: रंग, कंपोझिटिंग (चित्रांचे थर एकत्र करणं) आणि झगमगाटाची तपासणी

रंग आणि प्रकाश हा टीमला सगळ्यात आवडणारा भाग, त्यामुळे त्यात सहसा चुका होत नाहीत. चूक होते ती झगमगाटात, आणि ती गंभीर आहे.

१६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून पालटून चमकला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर तिथल्या प्रसारकांनी मार्गदर्शक नियम केले. मशिनगनच्या तोंडाशी एक फ्रेम पांढरा, एक फ्रेम काळा असं ठेवलंत तर २४ फ्रेममध्ये नेमके तेच बारा उजेडाचे झटके होतात. हे करू नका.

कोणत्याही सलग २४ फ्रेममध्ये तीनपेक्षा जास्त झटके नकोत. गर्द लाल रंगाचे तर टाळाच. तोफांचा मारा दाखवायचा असेल तर नळीच्या तोंडाशी सलग उजेड ठेवा आणि फक्त त्याचा आकार बदला. जास्त-कमी उजेडातलं अंतर घटवा. चमक पडद्याच्या छोट्या भागात ठेवा. स्फोटाला पूर्ण पांढरा पडदा एकदाच.

तपासणी: प्रत्येक कट वेगळा सुरक्षित असला तरी दोन चमकदार कट शेजारी आले की झटके वाढतात. म्हणून मोजणी जुळवलेल्या पूर्ण मिनिटावर करा.

## टप्पा ७: आवाज

तयार आवाजसंग्रहातले रोबो-आवाज सगळ्यांकडे तेच असतात. स्वतः गोळा करा. रात्री साडेनवाला बंद होणारं किराणा दुकानाचं शटर आम्ही दुकानदाराला विचारून रेकॉर्ड केलं. रेकॉर्डर शटरच्या खालच्या पट्टीपासून हातभर अंतरावर, सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे) ९६ किलोहर्ट्झला. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली जातो, चौथाई केला की दोन. चौथाई वेगावर त्या शटरच्या पट्ट्या एकेक करून उलगडताना ऐकू आल्या आणि तो आमच्या रोबोचा गुडघा झाला. जेसीबीचा हात, एसटीचा दरवाजा, विहिरीवरचा रहाट हेही ऐकून बघा. मात्र जास्त सॅम्पलिंगने रेकॉर्ड केलं नाही तर मंद केल्यावर आवाज दबका होतो.

नुसत्या खोल घुमण्यावर विसंबू नका. मोबाइलचा स्पीकर खालचे सूर जवळजवळ वाजवतच नाही. पाऊल पडतं आणि शांतता ऐकू येते. खोल धक्क्यासोबत पत्र्याची करकर, काचेची थरथर असं मधल्या सुरांतलं काहीतरी हवंच. मिक्स झाल्यावर तो मोबाइलवर ऐका.

यूट्यूबसाठी आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारी तीव्रता मोजायचं एकक) आसपास ठेवा. टीव्हीचे आकडे वेगळे असतात: युरोपात उणे २३, जपानमध्ये उणे २४. जपानी टीव्हीवरच्या १५ सेकंदांच्या जाहिरातीत सुरुवातीला आणि शेवटी अर्धा-अर्धा सेकंद शांतता ठेवावी लागते. तुमच्या हातात आवाजाचे चौदाच सेकंद असतात, हे संगीतकाराला आधी सांगा.

## टप्पा ८: गेममधली दृश्यं जोडणं आणि फाइली सोपवणं

शेवटच्या आठ-दहा सेकंदांत खरा गेम दाखवाच, आणि पडद्यावर स्पष्ट लिहा कुठला भाग ॲनिमे आहे आणि कुठला प्रत्यक्ष गेम. गेममध्ये जवळजवळ नसलेला खेळाचा प्रकार जाहिरातीत दाखवल्याबद्दल ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये मोबाइल गेमच्या जाहिरातींवर बंदी घातली होती. ओळ बारीक अक्षरात कोपऱ्यात टाकू नका. दोन सेकंद वाचता येईल अशी ठेवा.

गेमचं रेकॉर्डिंग बहुतेक ६० फ्रेमचं असतं. ते २४ वर आणताना फ्रेम समान वाटले जात नाहीत आणि चित्र अडखळतं. गेम-इंजिनातून थेट २४ फ्रेमने रेंडर करून मागा. ते जमत नसेल तर ६० फ्रेमचं दृश्य २४ ने वाजवा. ते ४० टक्के वेगाने, संथ दिसेल आणि रोबोला बहुतेक वेळा शोभूनही दिसतं.

पंधरा सेकंदांची आवृत्ती साठातून सरळ कापू नका. एक लांब पाऊल, एक कॉकपिट, क्रियापदाचा एक कट आणि लोगो, एवढंच घेऊन ती ठोक्यावर नव्याने बसवा. फीडमध्ये व्हिडिओ आवाजाशिवाय सुरू होतो, म्हणून पहिल्या तीन सेकंदांत रोबो आणि माणसाच्या मापाची वस्तू दोन्ही एकत्र दिसायला हवीत.

सोपवताना चार फोल्डर करा: आडवी, उभी, लोगो-मजकूर दोन्हींशिवायची आवृत्ती, आणि संगीत-आवाज-संवाद वेगवेगळे. तिसरं फोल्डर विसरू नका; प्रकाशनाची तारीख पुढे गेली की सगळ्यात आधी तेच मागतात.